सील फुटलेला खोका

शनिवार, २ ऑक्टोबर १९९९. दुपारी ४ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. शाळेत सिस्टर बर्नाडेट शिकवायची, चूक कुणाचीही असो, कागदावर आधी तारीख आणि वेळ. बाकीचं रडणं नंतर.

चार दहाला सुलभाने नखाने लेबल सोललं. वर ४५०. खाली ३००.

सुलभा वरच्या मजल्यावरची. पुण्याची, इथे नोएडातच सॉफ्टवेअरच्या कंपनीत. आज गांधी जयंतीची सुट्टी म्हणून सापडली. मी एवढंच म्हटलं होतं, बघ गं जरा, कॉम्प्युटरच्या खेळात विमान उतरायला लागलं की पडदा गोठतो. तिने कॅबिनेट उघडलं, प्रोसेसर काढला. व्हिडिओ कॅसेटसारखी काळी डबी असते. हातात धरवेना इतकी तापलेली.

"काकू, हा कुणी बसवून दिला?"

मी म्हटलं, माझ्या भावाने.

 पुण्याची असून गप्प बसली, तेव्हाच समजलं.

सख्खा भाऊ नाही मला. मधुकर. बावीस वर्षं ज्याला भाऊबीजेला ओवाळते आहे तो.

रविवार, ३ ऑक्टो.

ऑगस्टची पानं काढून वाचली. वाचवत नाहीत.

१ ऑगस्टला मी तक्ता केला आहे. तीन प्रोसेसर, प्रत्येकाचा वेग मेगाहर्ट्झमध्ये, मेमरी किती लागेल, पत्रांसाठी काय पुरेल, विमानाच्या खेळासाठी काय. दोन मासिकं आणि सुलभाचं डोकं वापरून. निष्कर्ष लाल शाईने: "रोजच्या वापराला ३०० भरपूर. खेळाला ४५०. आपण खेळणार आहोत." अधोरेखित केलं आहे. एकसष्टाव्या वर्षी काय खेळायचं ते कुणाला विचारायचं नाही, असं समासात लिहिलं आहे.

७ ऑगस्ट, नेहरू प्लेस, दिल्लीतला कॉम्प्युटरचा बाजार. तळमजल्यावरचे सरदारजी. म्हणाले, "मैडम, डिब्बा बंद मिलेगा. सील आप अपने हाथ से तोड़िए." मला माणूस आवडला होता. तसं लिहूनही ठेवलं आहे.

पण रात्री मधुकरचा फोन. "ताई, तुम्ही कशाला त्या गर्दीत? ही मंडळी आपल्याला टोपी घालतात. मी आहे ना. आपला माणूस असताना परक्याकडून घ्यायचं?"

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांचं सगळं तोच आणतो. हापूस, गोडा मसाला, गणपतीची मूर्ती, दोन जावईसुद्धा. मी हो म्हटलं, ४५० चे पैसे दिले. आपल्या माणसाकडे बिल मागायचं नसतं, म्हणून मागितलं नाही.

१४ ऑगस्टचं पान. "म. खोका घेऊन आला. सील फुटलेलं. म्हणाला, दुकानात तपासून घेतलं."

बस. पुढे साबुदाण्याच्या खिचडीचं लिहिलं आहे.

मी एकतीस वर्षं इथे दिल्लीत मंत्रालयात निविदा उघडल्या. सील फुटलेला लिफाफा सचिवांच्या मेव्हण्याचा असला तरी परत पाठवला आहे. आणि घरात आलेल्या खोक्याला मी खिचडी वाढली.

सोमवार, ४ ऑक्टो.

ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न करता म्हणाले, "त्यालाही कुणीतरी फसवलं असेल."

असेल. मलाही तेच हवं आहे. रात्रभर तेच म्हणत होते.

पण मग एक आठवलं. सप्टेंबरात तो दोनदा आला होता, पडदा का गोठतो बघायला. दोन्ही वेळा कॅबिनेटला हात लावला नाही. खुर्चीत बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही बटणं फार जोरात दाबता. वय झालं की बोटांचा अंदाज जातो."

मी खरं मानलं. महिनाभर हळूहळू बटणं दाबते आहे. धावपट्टी दिसायला लागली की हात मांडीवर ठेवून बसायची, माझ्यामुळे बिघडू नये म्हणून. तरी गोठायचं. मग वाटायचं, श्वास जोरात घेतला असेल.

बुधवार, ६ ऑक्टो.

नेहरू प्लेस. सोबत काळी डबी आणि रिकामा खोका. खोका मी टाकला नव्हता, कपाटावर होता. सरकारी सवय.

सरदारजींनी दोन्ही भिंगाखाली धरले. खोक्याच्या लेबलावर नंबर असतो, तोच डबीवर असतो. खोक्यावर शेवटचे आकडे ४७१६. डबीवर वेगळेच.

"डिब्बा असली है मैडम. माल दूसरा है."

"मतलब?"

"मतलब जो इसमें आया था, वो कहीं और चल रहा है."

मी विचारलं, मग पडद्यावर ४५० कसं दिसतं? म्हणाले, बोर्डला जे सांगाल ते तो दाखवतो. तीनशेला साडेचारशेवर पळवलं आहे, म्हणून धापा टाकतो. मग, "आपने किसी अपने से लिया होगा. बाहर वाले से लेते तो सील देखते."

 त्यांनी विचारलं, नया दूँ? म्हटलं, पहले पुराना ढूँढ लूँ.

परतताना चार रिक्षावाले नोएडाला, म्हणजे यूपीत, यायला तयार नाहीत. पाचव्याला यमुनेच्या पुलापर्यंतच कबूल केलं आणि पूल आल्यावर उतरलेच नाही. मीही शिकते आहे.

शनिवार, ९ ऑक्टो.

सुलभाने बोर्डावरची सेटिंग बदलून प्रोसेसर ३०० वरच चालवला.

दोन तास खेळले. गोठला नाही. ढग जरा तुकड्यातुकड्याने सरकतात, एवढंच. तळ्याकाठच्या धावपट्टीवर पहिल्यांदा विमान उतरवलं. चाकं टेकल्यावर दोनदा उसळलं, मग थांबलं. हे मागून म्हणाले, "आता डावीकडे पार्किंग बघ." डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांना दिसू दिलं नाही.

म्हणजे बोटं ठीक आहेत.

सुलभा म्हणते, "काकू, खरं सांगू? हाच ठेवा. चांगलं ग्राफिक्स कार्ड घाला, मेमरी वाढवा, खेळही मस्त चालतील. नवा प्रोसेसर दोन वर्षांत जुनाच होतो." तिचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. मधुकरने हेच समोर बसून सांगितलं असतं तर मी तक्ता फाडून तीनशेच घेतला असता. त्याचे पाय धरले असते, इतकं शहाणपणाचं बोलणं.

तीनशेला तीनशे म्हटलं तर तो काही बिघडत नाही.

रविवार, १० ऑक्टो. घटस्थापना

फोन केला. आठवतं तसं लिहिते.

मी: त्यात तीनशेचा आहे. तुला माहीत होतं?

तो: "ताई, तुम्ही पत्रं टाइप करणार, पत्ते खेळणार. तुम्हाला काय फरक कळणार होता?"

मी म्हटलं, मी विमान उडवते, तुला माहीत होतं.

"ते हौसेचं हो. वाटलं, चार दिवसांत उतरेल."

म्हणजे कुणी त्याला फसवलं नव्हतं. सगळं ज्या खुंटीवर टांगून मी आठवडा काढला ती खुंटी गेली.

विचारलं, मग खरा ४५० कुठे आहे? "ताई, फोनवर काय बोलायचं हे सगळं."

आणि बोटांचं का बोललास?

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "मी नंतर करतो."

केला नाही.

मंगळवार, १९ ऑक्टो. दसरा

दर वर्षी आपट्याची पानं तो घेऊन येतो. दिल्लीत कुठून मिळवतो कुणास ठाऊक. वाकून नमस्कार करतो, मी म्हणते, म्हाताऱ्या, ऊठ आता, गुडघे वाजतात तुझे.

आज पानं लेटरबॉक्समध्ये मिळाली. पाकिटात. वर "ताईंना, सोनं." घंटी वाजवली नाही. वॉचमन म्हणाला, साहब पाँच मिनट खड़े रहे, फिर चले गए.

पाच मिनिटं उभा राहिला. याचं मी काय करू?

हे म्हणाले, "जाऊ दे आता. एका डबीसाठी माणूस तोडशील?"

म्हटलं, त्याने काय केलं मग?

रविवार, २४ ऑक्टो. कोजागिरी

मंडळाच्या गच्चीवर मसाला दूध. जायचं नव्हतं, हे घेऊन गेले. सुलभाही होती.

अध्यक्षांनी ऑफिस उघडून नवा कॉम्प्युटर दाखवला. गणपतीत आला म्हणे. "आपल्या मधुकररावांनी स्वतः जोडून मंडळाला भेट दिला. असा वेगवान कॉम्प्युटर सरकारी कचेरीत नसेल." टाळ्या. सुरू करताना पडद्यावर ४५० उमटलं.

माझा १४ ऑगस्टला. मंडळाचा १३ सप्टेंबरला.

पडद्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी शिकले आहे. हाही धापा टाकणारा तीनशे असू शकेल. पण सुलभाने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे.

मधुकर दुधाची पातेली उतरवत होता. जवळ गेले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा समोरासमोर. वाळला आहे जरा.

"मधुकर, याचं कॅबिनेट उघडायचं आहे. चार स्क्रू. फक्त नंबर बघायचा."

"ताई, कोजागिरी आहे. चंद्र बघा."

"चंद्र कुठे जात नाही. नंबर जाईल."

हसला. तेच त्याचं हसू. "मंडळाची वस्तू आहे ताई. कार्यकारिणीची परवानगी लागेल."

"लेखी मागू?"

"मागा की. तुम्ही तर कागदपत्रांतल्याच."

आणि मला पेला दिला. बदाम जास्त घातलेला. मला आवडतो म्हणून, दर वर्षीसारखा.

प्यायले. ते मला जास्त लागलं आहे.

मंगळवार, २६ ऑक्टो.

ह्यांच्याशी भांडण. मी म्हटलं, माझा प्रोसेसर देऊन त्याने टाळ्या घेतल्या. हे म्हणाले, "घेतल्या असतील तर देणगी तुझीच झाली. पुण्य तुला, हार त्याला." हसू आलं, म्हणून आणखी राग आला.

मग हे अचानक गंभीर होऊन म्हणाले, "त्या दिवशी सील फुटलेलं मीही पाहिलं होतं. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही. वाटलं, तुला चालतंय."

चाललं होतं. हेच टोचतंय. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात १९७७ च्या दिवाळीत तो फराळाला एकटा बसला होता, आई नुकतीच गेलेली. मी म्हटलं, बहीण नाही का तुला, चल, घरी पाट मांडते. तेव्हापासून. बावीस वर्षांत त्याची एकही गोष्ट मी उलटून पाहिली नाही. त्यालाच मी माया म्हणत होते. त्याला वाटलं, हिला दिसत नाही.

शनिवार, ३० ऑक्टो.

पत्र लिहिलं. तीन मसुदे फाडले. हे म्हणाले, करोल बागेत त्याच्या घरी जाऊन हातात दे. नाही. हातात दिलं की तो चहा ठेवेल, आणि चहा घेतला की पत्र पर्समध्येच राहील. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. नक्कल इथे उतरवते.

"चि. मधुकर यास,

आडनाव लिहिलेलं नाही. अजून तरी भावाला लिहिते आहे.

विषय: १४ ऑगस्ट रोजी सील फुटलेल्या स्थितीत दिलेला खोका.

प्रोसेसर परत मागत नाही. तीनशेवर माझं विमान उतरतं. मंडळातला ४७१६ असेल तर तिथेच राहू दे, मुलांना उपयोग होईल, मी कुणाला सांगणार नाही. पण तो तिथे आहे की नाही, हे मला तुझ्या अक्षरात हवं. आणि माझी बोटं चुकतात असं तू दोनदा म्हणालास, तेव्हा ती चुकत नाहीत हे तुला माहीत होतं का, तेही. हो किंवा नाही. कारणं नकोत. माझ्यासाठी केलंस असं तर मुळीच लिहू नकोस.

तोंडी खुलासा, मध्यस्थ, मिठाईचा डबा किंवा लेटरबॉक्समधलं पाकीट उत्तर म्हणून धरलं जाणार नाही. या वेळी पाच मिनिटं खाली उभा राहिलास तर घंटी वाजव.

भाऊबीज बुधवारी, १० तारखेला आहे. पाट मांडायचा की नाही हे मला आदल्या दिवशी ठरवावं लागेल. तरी लेखी उत्तर मंगळवार, ९ नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पोचावं.

कमल"