दोनदा वाटलेले पेढे

गुरुवार, कारेलीबाग

सगळ्यांत आधी आली शेजारची कोकिळाबेन, मागोमाग तिचे मिस्टर. माझ्या नातीनं, मीनलनं, अमेरिकेतली नावाजलेली युनिव्हर्सिटी सोडून दुसरीच धरली, हे त्यांना कळलंच! आणि मी बाई परवाच त्या मोठ्या नावाचे पेढे सोसायटीभर वाटून बसलेली.

"बा, हवे शुं? आता काय? लोकांना काय सांगणार?" कोकिळाबेननं विचारलं.

शरदला, माझ्या मुलाला, मोठं नावच हवं होतं. सकाळपासून लेकीशी अबोला.

मीनल म्हणाली, "आजी, मोबाइलमध्ये रेडिओच्या लहरी पकडणारी चिप असते, ती मला शिकायचीय. त्या मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत ती नुसती कॉम्प्युटरवरच काढायची. मी धरलीय तिथे आपण काढलेली चिप खरीच बनवून हातात देतात. ती चालते का, ते आपणच तपासायचं."

"आणि नाही चालली तर?"

"तर का नाही चालली ते कळेल ना!"

काय हसली पोर! नावाचं काय एवढं? मला तर ते हसूच पुरलं.

शरदला म्हटलं, "जा, पुन्हा पेढे आण."

तो उठला. चप्पल घालता घालता म्हणाला, "मीनू, केशरी आणू की साधे?"

कोकिळाबेन दोन खाऊन गेली. चिप नीट समजून घ्यायला रविवारी दोघं परत येणार आहेत.