दंडावरचं पान

१४ जून

प्रिय दादा,

सहा वर्षं लिहिलं नाही, माफ कर. हे पत्र टपालात पडेल असंही वाटत नाही.

"पोरीला लोकांची कातडी गोंदायला शिकू देणार?" असं तू तेव्हा म्हणाला होतास. आज तुझ्या भाचीने पहिल्यांदाच जिवंत कातडीवर टॅटू काढला. आजवर तिचा सराव रबरावर चालायचा. आजची कातडी माझी होती. माझ्या दंडावर झाडाचं हे एवढं पान नीट उतरलं, तरच तिला गिऱ्हाईक मिळणार होतं.

सुई नखाने ओरबाडल्यासारखी लागते, पण सोसवते. मी मात्र शहाणपणा केला. तिला मदत म्हणून श्वास रोखून धरला, आणि दंडच थरथरायला लागला. तिने लगेच सुई उचलली.

"आई, पुतळा होऊ नकोस. श्वास घे."

"रेघ बिघडली का गं?"

"बिघडू दिली नाही. गप्प बस आता."

तिला शिकवणाऱ्या बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कधी थांबायचं ते हिला कळतं. सोमवारपासून गिऱ्हाईक घे गं."

तुला हरवायला मी दंड पुढे केला का? थोडासा, हो. बाकी सगळा निव्वळ अभिमान आहे.

तुझी,
धाकटी

उद्या: निळ्या कुडत्याच्या बाह्या आखूड करायला टाकणे.