तक्रार क्रमांक एक: स्क्रीन काळी

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४०
कार्ड आलं. ग्राफिक्स कार्ड, कॉम्प्युटरला चित्रं झपाझप काढायला लावणारं. दोन पंख्यांचं, विटेएवढं जड. मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं, हिला सुगावा नको. खोकं कपाटात, स्वेटरांच्या मागे.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. ही घरी बसून इमारतींच्या आतली चित्रं काढते, कॉम्प्युटरवर. सध्या हिच्याकडे एका वाचनालयाचा मुलांचा विभाग आहे. त्यांना नुसती चित्रं नकोत, त्या खोलीतून चालत गेल्यासारखी फिल्म हवी आहे. २१ तारखेला द्यायची. पसंत पडली तर पुढची तीन वाचनालयं हिलाच. सोळा वर्षांत हिला एवढी मोठी संधी आली नव्हती. आणि आमचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा, एका मिनिटाच्या फिल्मला आख्खा दिवस खातो. हिने मला बजावलं होतं की २१ पर्यंत त्याला हात लावू नका, रडतखडत का होईना चालतोय. पण बायको असं म्हणते तेव्हा आपण काहीतरी करावं अशीच तिची इच्छा असते.

संकल्प: उद्या अर्ध्या तासात काम फत्ते.

४ मार्च, मंगळवार. दुपारी १२.१५
हाफ डे टाकला. ही वाचनालयाची जागा बघायला गेलीय. झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. हा डबा मेहुण्याने जोडून दिलेला, म्हणजे हिच्या धाकट्या भावाने. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर घर, इथून चालत दहा मिनिटं. धूळ बघून त्याच्या कामाचा दर्जा कळला.

कार्ड बसवलं. 'खट्' असा समाधानकारक आवाज आला. मागच्या वायरी परत लावल्या. मागच्या वर्षी मी साफसफाईत सगळ्या वायरी उपटल्या होत्या, तेव्हापासून हिने प्रत्येक भोकाशेजारी पांढरी चिकटपट्टी लावून ठेवलीय, नकाशावर असतं तसल्या सुबक अक्षरात. 'स्क्रीनची वायर इथे.' खाली आणखी एक बारीक ओळ आहे, पण चष्मा बाहेरच्या खोलीत होता. वायर बरोबर तिथे लावली. लोक म्हणतात मी बायकोचं ऐकत नाही. हे लिहून ठेवतो.

१२.४०
चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले. स्क्रीन काळी. मग एक छोटा चौकोन उमटला: 'सिग्नल नाही'. तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात संथपणे सरकत राहतो.

१.५०
कार्ड काढलं की सगळं ठीक. घातलं की सिग्नल नाही. सहा वेळा केलं. निष्कर्ष: दोष मेहुण्याच्या डब्यात.

२.०५
ही लवकर आली. उघडा डबा बघितला. ओरडली नाही. फक्त विचारलं की २१ तारीख लक्षात आहे ना. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत होतंय. ऑफिसच्या सवयीने डायरीच्या मागच्या पानावर नोंद केली: तक्रार क्रमांक एक. स्क्रीन काळी. तक्रारदार: पत्नी.

५ मार्च, बुधवार
कार्ड काढून कॉम्प्युटर हिला पहिल्यासारखा करून दिला. दिवसभर काम केलं हिने. उठताना सगळं काम पेनड्राइव्हवर घेतलं आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. इतकी वर्षं तो ड्रॉवरमध्ये लोळत असायचा. माझ्यामुळे घरात शिस्त येतेय.

मेहुण्याला बोलवा, असं म्हणाली. हा प्रश्नच येत नाही. मी लिफ्ट कंपनीच्या तक्रार टेबलावर अठरा वर्षं आहे. फोन येतो की लिफ्ट अडकली, आत माणसं आहेत. मी क्रमांक देतो आणि सांगतो, घाबरू नका, माणूस निघालाय. माणूस बहुतेक वेळा आमच्याच कॅन्टीनमध्ये जेवत असतो. पण एवढं ऐकलं की लोक गप्प होतात. तांत्रिक कामात निम्मं काम धीर देण्याचं असतं, हे मेहुण्याला काय कळणार?

८ मार्च, शनिवार. सकाळी १०.३०
सुट्टी. हिला म्हटलं, दोन तास दे. ही म्हणाली, नाही म्हटलं तर तुम्ही थोडंच ऐकणार आहात. याला मी होकार समजतो.

इंटरनेटवर एकाने लिहिलंय की मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसाव्यात. कन्येचा खोडरबर घेतला, आंब्याच्या वासाचा. पुसल्या. लावल्या. चालू केलं. डबा ओरडला: एक लांब, दोन आखूड. परत: एक लांब, दोन आखूड. नऊ वर्षांत त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं.

हा प्रगतीचा आवाज असावा. ही स्वयंपाकघरातून आली, दारात थांबून ऐकलं, खुर्चीवरची उशी उचलली आणि भावाकडे गेली. थोडं काम तिथे करून येते म्हणाली. सातला आली. उशी आणली नाही.

९ मार्च, रविवार. दुपारी ४
पट्ट्या नीट बसवल्यावर ओरडणं थांबलं. स्क्रीन मात्र काळी. पॉवर सप्लाय कमी पडत असणार. दुप्पट ताकदीचा आणून बसवला. आतून वास येतोय. जळका म्हणता येणार नाही, कोमट म्हणू. कन्या, वय बारा, म्हणाली की बाबा, मी मामाकडे अभ्यास करू का, इथे नाक झोंबतं. म्हटलं, जा. पोरीला शांतता हवी. हिने न सांगता पोरीने स्वतःहून वह्या उचलल्या याचं कौतुक वाटलं.

चौकोन अजून सरकतोय. जेवतानाही माझी नजर तिकडेच जाते. काळ्या स्क्रीनमध्ये आपला चेहरा दिसतो आणि त्यावरून 'सिग्नल नाही' जातं.

संकल्प: उद्यापासून दोन दिवस हात लावायचा नाही.

११ मार्च, मंगळवार
संकल्प पाळला. कार्ड काढून कॉम्प्युटर हिच्या ताब्यात दिला होता. दोन दिवस ही सकाळी आठला बसायची ती कन्या शाळेतून येईपर्यंत. पोळ्यासुद्धा मी आणल्या, बाहेरून. फिल्म निम्मी झालीय म्हणाली. मला दाखवलीही थोडी: बुटकी कपाटं, खिडकीत बसायच्या जागा, खाली जमिनीवर लोळून वाचणाऱ्या मुलांसाठी गादी. छान होती. मी म्हणालो, कार्ड चाललं की अजून गुळगुळीत दिसेल. हिने फिल्म बंद केली.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १२.५०
आजारपणाची रजा. ही भाजीला आणि तशीच पुढे बँकेत गेलीय. अखेर मूळ सापडलं. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांत आधी जो प्रोग्रॅम जागा होतो तो बायोस. तो नऊ वर्षांपूर्वीचा, त्याला हे कार्ड ओळखूच येणार कसं? नवा बायोस भरायचा. पंधरा मिनिटांचं काम. सूचनेत ठळक लाल अक्षरात आहे की मध्येच वीज जाऊ देऊ नये. हे असलं भित्र्या लोकांसाठी लिहितात.

१.०८
त्रेसष्ट टक्के.

१.०९
फ्रीजची घरघर थांबली. पंखा हळू झाला. शेजारच्या घरातला रेडिओ वाक्याच्या मध्येच बंद पडला. वीज गेली.

१.४०
आली. बटण दाबलं. काही नाही. पंखा नाही, दिवा नाही, ओरडणंही नाही. कार्ड घालून बघितलं, काढून बघितलं. काही नाही. वीज गेली त्याला मी काय करणार?

३.१५
ही आली. चपला न काढताच टेबलापाशी गेली. बटण एकदा दाबलं. थांबली. परत दाबलं नाही. मी लगेच म्हणालो की काळजी करू नकोस, संध्याकाळपर्यंत होतंय.

ती म्हणाली, "हे वाक्य लिफ्टमध्ये अडकलेल्यांसाठी ठेवा."

आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मला बोलता आलं असतं.

१३ मार्च, गुरुवार
टेबल लॅम्प, मोठी पट्टी आणि पायाखालचं स्टूल दिसत नाहीत. फिल्म पेनड्राइव्हवर होतीच, ही ती भावाच्या दुकानात पुरी करतेय. टेबल एकदम मोकळं झालं. मला कामाला ऐसपैस जागा.

ऑफिसात एक बाई अडकल्या होत्या, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. तीनदा फोन आला. तिन्ही वेळा सांगितलं, माणूस निघालाय. चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा उचलायला हात गेला नाही. शेजारच्या टेबलाने उचलला.

१५ मार्च, शनिवार
हिच्याबरोबर कन्येचं दप्तर आणि शाळेचे दोन ड्रेस मामाकडे गेले. तिथून शाळा जवळ पडते, हे खरंच आहे. मी नकाशावर मोजलं, चाळीस मीटर जवळ.

बाथरूममधल्या पेल्यात एकच ब्रश आहे. पेला लवकर वाळतो. बरंच आहे की.

दार उघडल्यावर हाक मारायची सवय आहे. आज मारली, मग आठवलं.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ५.३०
कन्या मोजे न्यायला आली होती. तिच्याबरोबर कार्ड पाठवलं, मामाला म्हणावं तपास. माझी आता खात्री आहे की डबा उगाच बदनाम झाला, दोष कार्डातच आहे. नुकसानभरपाई मागणार. कंपनीला कडक पत्राचा मसुदा तयार आहे, चार पानी.

आई कशी आहे विचारलं. कन्या म्हणाली, हसते. मी म्हणालो, कशाला? तिने मोजे पिशवीत कोंबले.

२१ मार्च, शुक्रवार
आज फिल्म द्यायची होती. दिवसभर फोन टेबलावर उताणा ठेवला. पाचला मीच केला. कन्येने उचलला. दिली, त्यांना खूप आवडली, पुढची तिन्ही कामं आईलाच. आई पेढे आणायला गेलीय.

आनंद झाला. खरंच झाला. मग मी बराच वेळ त्या मोकळ्या टेबलासमोर बसलो. पेढे इकडे येणार का, हे विचारायचं राहिलं.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ११
मेहुणा आला. एकटाच. चहा नको म्हणाला. कार्ड ठणठणीत आहे, दुकानातल्या कॉम्प्युटरला लावलं आणि पहिल्याच झटक्यात चाललं. वाचनालयाची फिल्म त्याच्यावरच झाली, ताईने ते ठेवून घेतलंय. मी म्हणालो, म्हणजे माझी निवड बरोबर होती. तो हो म्हणाला.

मग तो टेबलामागे वाकला. वाकला तो तसाच राहिला.

"भावोजी, वायर पहिल्या दिवसापासून इथेच होती?"

मी ताठ मानेने सांगितलं की ताईच्या पट्टीबरहुकूम, दर वेळी तिथेच.

त्याने समजावलं. अगदी हळू, पेशंटच्या नातेवाइकाशी डॉक्टर बोलतात तसं. ते भोक जुन्या डब्याचं. कार्ड बसवलं की ते झोपतं. कार्डाला स्वतःचं भोक आहे, चार बोटं खाली. वायर तिथे लावायची. बाकी काही करायचं नसतं. म्हणजे ४ तारखेला बारा चाळीसला कार्ड व्यवस्थित चालू होतं. खोडरबर, पॉवर सप्लाय, बायोस, कशाचीच गरज नव्हती. तो हसला नाही. हसला असता तर फार बरं झालं असतं. हिचे हिवाळ्याचे कपडे बॅगेत भरून तो गेला.

११.४०
चष्मा लावला. टेबलामागे गुडघे टेकून पट्टी वाचली. 'स्क्रीनची वायर इथे.' खाली, बारीक: 'काही बदलायचं असेल तर आधी मला विचारा.'

१२.०५
हिला फोन केला. अभिनंदन केलं. मग म्हणालो, बघ, सोळा वर्षांत एकदा तुझं ऐकलं आणि तिथेच फसलो. ही हसेल असं वाटलं होतं.

"अर्धं ऐकलंत," ती म्हणाली. "नेहमीसारखं."

खालची ओळ आता वाचली म्हणून सांगितलं. चुकलो, असंही म्हणालो. हे मी यापूर्वी कधी म्हटल्याचं आठवत नाही. पलीकडे माऊसचा टिकटिक आवाज येत होता, ही काम करत होती. मग मी विचारलं की घरी कधी येतेस.

टिकटिक थांबली.

"तक्रार लिहून घेतलीय ना तुम्ही? मग पुढे लिहा, माणूस निघालाय."

तिने फोन ठेवला.

मागचं पान काढलं. तक्रार क्रमांक एक. तक्रारदार खोडून तिथे माझं नाव घातलं. शेऱ्याच्या रकान्यात हिने सांगितलं ते लिहिलं.