दोन ओळी तशाच सोडल्या

४ सप्टेंबर
मामांनी हो म्हटलं! म्हणजे अर्धं हो. "एक हंगाम देतो. जमलं तर पुढेही तुम्हीच करा, मी मधे पडणार नाही. नाही जमलं तर शेजाऱ्याला कसायला देतो. तो कधीचा मागे लागलाय." गुडघ्याने दगा दिल्यापासून मामांचं शेत पडूनच आहे. ते घराच्या पायरीवर बसतात आणि शेताकडे पाठ करून पेपर वाचतात.

लांबी तर उड्याच मारत होती. विद्यापीठात आम्ही दोघी एका बाकावर, दोघींचा विषय वनस्पतींचे रोग, दोघींना प्रयोगशाळेतल्या नोकरीचं पत्र आलेलं. दोघींनी नकार कळवला. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून ती लांबी. शेतातही हे नाव चालेल.

आईचा फोन. "लोकांना काय सांगू?" म्हटलं, टोमॅटो सांग.

९ सप्टेंबर
रोपं लावून झाली. कंबर जागेवर आहे की नाही हे तपासायचीही ताकद नाही.

१० सप्टेंबर
हाताला फोड आलेत. लांबीला माझ्यापेक्षा जास्त, म्हणून ती खूश आहे.

१७ सप्टेंबर
आज डोकं फिरलंय.

झालं असं. करपा, म्हणजे पानांवर डाग पाडून झाड जाळणारा रोग, जमिनीतून येतो. पाणी पडलं की माती उडते, खालच्या पानांना लागते आणि रोग वर चढतो. म्हणून आम्ही ओळीओळीत वाळल्या गवताचं जाड आच्छादन घालतोय आणि खालची पानं काढून टाकतोय. म्हणजे औषधं कमी मारावी लागतील. पण याचा उपयोग होतो हे कळणार कसं? तुलनेला काहीतरी हवंच. म्हणून दोन ओळी तशाच सोडायच्या, ना गवत, ना पानं काढायची. आणि कुठल्या ओळी सोडायच्या ते आपण ठरवायचं नाही, नाही तर आपण आपल्या सोयीचं ठरवतो. मामांची जुनी टोपी घेतली, प्रत्येक ओळीची चिठ्ठी केली, दोन उचलल्या. आल्या त्या नेमक्या वाऱ्याच्या अंगाच्या, कडेच्या दोन.

लांबी म्हणाली, "पुन्हा टाक."
"मनासारखं येईपर्यंत पुन्हा टाकायच्या, तर चिठ्ठ्या कशाला हव्यात?"
"अगं, वारा तिकडूनच येतो."
"आल्या त्या आल्या."

संध्याकाळी मामा पेपर बाजूला ठेवून बघत होते. "त्या दोन ओळींनी काय पाप केलं?" मी सगळं समजावून सांगितलं, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मुद्दाम आजारी पाडणार."
"नाही हो मामा. फक्त काही करायचं नाही."
आतून मामी म्हणाली, "मग उद्यापासून लांबीला जेवायला वाढते आणि हिला नाही. कळेल तरी, जेवणाचा काही उपयोग होतो का ते."
मामा इतके हसले की ठसका लागला. लांबीही हसली, घरभेदी! मला राग आला. पण दोन ओळी तशाच राहणार.

३ ऑक्टोबर
शेजारी बांधावर उभा होता. माणूस वाईट नाही, मोटर बिघडली तेव्हा स्वतःहून आला होता. पण आमच्या शेताकडे तो भाड्याचं घर बघायला आल्यासारखा बघतो. "शिकलेल्या पोरी तुम्ही, कशाला उन्हात करपताय?" म्हणाला. म्हटलं, शिकलो तेच करतोय. घरी आल्यावर याहून चांगली दोन उत्तरं सुचली.

१४ ऑक्टोबर
फुलं! सगळ्या ओळींत. त्या दोनांतही.

२१ ऑक्टोबर
आईने परस्पर उत्तर शोधलंय. "ती तिकडे संशोधन करतेय," असं सगळ्यांना सांगते. मी चिडले आणि मग वाटलं, खोटं तरी कुठे बोलतेय ती?

ढग भरलेत. दुपारी बारालाही पानं ओली.

२६ ऑक्टोबर
करपा आला. सोडलेल्या दोन ओळींत, खालच्या पानांवर तपकिरी गोल, गोलात गोल, पुस्तकातल्या चित्रासारखे. मला आधी आनंद झाला. हे कोणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितेय. आपलं बरोबर निघालं, एवढंच डोक्यात आलं.

मग शेजारची ओळ बघितली. गवत घातलेली. तिच्या मधल्या पानांवरही डाग. वाऱ्याने आणले होते. तिच्या पलीकडच्या ओळीवर, थोडे. लांबीला हाक मारली.

२७ ऑक्टोबर
चार ओळी उपटल्या. त्या दोन आणि लागलेल्या दोन. बोराएवढी हिरवी फळं धरलेली होती. पोत्यांत भरून लांब नेऊन पुरली.

शेवटचं पोतं उचलताना लांबी बोलली. "हे शेत आहे. इथे निबंध छापून येणार नाही. तुझ्या त्या चिठ्ठ्यांपायी मामा आपल्याला हाकलणार आणि मी घरी जाऊन काय सांगू? की माझी मैत्रीण हट्टी आहे?" रडली. मला रडू आलं नाही. माझा राग वाऱ्यावर होता, ढगांवर होता आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर.

मामा पायरीवर होते. आज तोंड शेताकडे होतं. पेपर घडी करून बाजूला ठेवला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२८ ऑक्टोबर
नीट विचार केला. तुलनेला ओळी सोडल्या ही चूक नाही. वाऱ्याच्या अंगाच्या ओळी टोपीत टाकल्या ही चूक. वारा जिकडे जातो त्या खालच्या अंगाच्या ओळींच्याच चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. पुस्तकात शेताला वारा नव्हता आणि मला तो आठवला नाही. लांबीला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे कळायला चार ओळी लागल्या?" हो, लागल्या.

रडून काही उगवत नाही. उरलेलं वाचवायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक पान बघायचं, डाग दिसला की काढायचं, हात धुतल्याशिवाय पुढच्या झाडाला लावायचा नाही. गवताचा आणखी एक थर घालायचा. मी माघार घेणार नाही. लांबी घेईल असं वाटलं होतं, पण संध्याकाळी माझ्या आधी तीच शेतात होती.

७ नोव्हेंबर
ऊन! आमचं उरलेलं शेत उभं आहे. शेजाऱ्याचं सगळं गेलं. टोमॅटोच, बांधापलीकडे. आज उपटत होता. आम्ही आमची रिकामी पोती नेऊन दिली आणि थोडा वेळ हातही लावला. करप्यावर कसलाही विनोद झाला नाही.

२१ नोव्हेंबर
पहिला तोडा. क्रेट भरताना लांबी गात होती, अत्यंत बेसूर.

आणि मामा शेतात आले! काठी टेकत, मामीचा हात धरून, गुडघ्याला शिव्या घालत. शेजारीही आला. मामांनी एक टोमॅटो तोडला, शर्टाला पुसला, तिथेच खाल्ला. मग माझ्याकडे वळले. "याचं गेलं, आपलं राहिलं. म्हणजे तुझ्या गवतानेच वाचवलं. बरोबर ना?"

एवढं "हो" म्हणायचं होतं. शेजारी ऐकत होता, मामा स्वतःहून वाट करून देत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "तसं सांगता येणार नाही, मामा."
"का?"
"त्यांचं बी वेगळं. त्यांची लावणी आमच्या आधीची. नशीबही असेल. आपल्या त्या दोन ओळींत रोग आधी आला, त्यावरून वाटतं की गवताचा उपयोग होतो. पण त्या वाऱ्याच्या तोंडावर होत्या. तिथे गवत असतं तरी आला असता का, मला माहीत नाही."
लांबीने माझ्या पायावर पाय दिला. जोरात. मामा काठी टेकत परत गेले.

लांबी नंतर म्हणाली, "तुला खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं? गप्प बसता आलं नसतं?" नसतं. जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणायचं, तर ती प्रयोगशाळेतली नोकरी काय वाईट होती?

२ डिसेंबर
शेवटचा तोडा झाला. मामा शेताबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आज शेजारी येऊन आत बसला, चहा झाला, दोघांचं बोलणं चाललं. मी मुद्दाम विहिरीवर गेले, ऐकायला नको म्हणून. मामीलाही विचारलं नाही.

आमचं दोघींचं ठरलंय. नाही म्हणाले तर रडारड करायची नाही, मामांच्या पाया पडायचं आणि दुसरीकडे जमीन बघायची. प्रयोगशाळेच्या नोकरीकडे वळायचं नाही. लांबीने तर अवजारं घासून पुसून ठेवली आहेत, कुठेही न्यायला.

५ डिसेंबर
सकाळी शेतात गेलो तर मामा आधीच तिथे. एकटे! हातात तीच टोपी, आत चिठ्ठ्या. प्रत्येक ओळीला एक चिठ्ठी, काहींवर "भाची", काहींवर "मामा". वाऱ्याच्या अंगाच्या ओळी त्यांनी आधीच वगळल्या होत्या.
"काही ओळी मी करणार. आयुष्यभर करत आलो तशाच, गवत नाही की काही नाही. तुला तुलनेला काहीतरी लागतं ना? मला धर."
मी विचारलं, "आणि शेजारी?"
"त्याला सांगितलं, शेत रिकामं नाही." टोपी माझ्यापुढे धरली. "उचल. आणि आल्या त्या आल्या."