ठकीला सात दिसले

ता. १९ एप्रिल
दुकानातून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. तुमच्या बंधुराजांचा गुडघा ठणकतोय, म्हणजे जिना चढताना कण्हायचं आणि टीव्हीवर सामना लागला की उड्या मारायच्या. ठकीच्या कांजिण्यांच्या खपल्या पडल्या. वजन उतरलंय, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालतं.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी भांडले असते. तुम्ही बालवर्ग बंद करताय, मुलांची छोटी टेबलंसुद्धा विकायला काढलीत, हे मला ह्यांच्याकडून कळावं? असू दे. त्यावर आत्ता काही बोलत नाही.

आधी ठकीचं सांगते. वाढदिवसाला तिनं पाहुण्यांपुढे शंभरपर्यंत आकडे धडाधड म्हटले, टाळ्या पडल्या, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "ठके, सहा चमचे आण बघू." तिनं मूठभर आणले. किती आणलेस विचारलं तर म्हणाली, "शंभर!" सगळे हसले. तुम्ही मात्र स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालात, "ही पोपटपंची आहे गं. तिला आकडे म्हणता येतात, दिसत नाहीत." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! राग अजून पुरता गेलेला नाही, सांगून ठेवते. तिच्यासाठी आणलेला तुमचा डबा मी तसाच कपाटावर टाकला.

कांजिण्यांत शाळा बुडली आणि पोरगी दिवसभर माझं डोकं खायला लागली, तेव्हा नाइलाजानं तो डबा उघडला. आत दहा खणांची पाटी, वर पाच, खाली पाच, आणि लाल चकत्या. म्हटलं, हे काय खूळ! शाळेत शंभरपर्यंत लिहून घेतात आणि इथे दहाच खण. मी चकत्या मांडायची, ती बोट ठेवून मोजायची. बोट पुढे, आकडा मागे. की पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा ओरडलेसुद्धा. पण तिला तो खेळ आवडला, माझ्या पाठीमागे एकटीच मांडत बसायची.

बरी झाल्यावर तिला दुकानात घेऊन आले. एक आजोबा उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप दाखवून तशीच नवी मागत होते. ठकी स्टुलावर बसून बघत होती. एकदम म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे अजून सात आहेत." बोट लावलं नव्हतं.

"कशावरून गं?"

"वरच्या पाच सगळ्या आहेत ना आई, आणि खाली दोन."

आजोबांनी चष्मा लावून मोजल्या. सातच.

ताई, मी औषधं शोधायचं निमित्त करून फळीकडे तोंड फिरवलं आणि रडले. अर्धं आयुष्य या दुकानात गेलं. स्ट्रिपमधल्या किती गोळ्या उरल्या ते मी कधी मोजत नाही, नुसतं बघते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! तुम्ही 'दिसत नाहीत' म्हणालात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

मग बुधवारी तुमच्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहिले. तुम्ही मला पाहिलं नाहीत. तुम्ही ठिपक्यांचा पत्ता क्षणभर दाखवून झाकलात आणि 'किती' असं न विचारता 'काय दिसलं' असं विचारलंत. एकाला तीन आणि तीन दिसले, एकीला चार आणि दोन. कोपऱ्यातली दोन वेण्यांची मुलगी म्हणाली सात. मी असते तर "चूक!" म्हणून मोकळी झाले असते. तुम्ही पत्ता तिच्या हातात दिलात, "मला दाखव ना, कसे दिसले तुला?" तिनं बघितलं, ओठ चावला आणि स्वतःच म्हणाली, "अगंबाई, सहाच!" आणि इतकी खूश झाली, जणू सहा हा आकडा तिनंच शोधून काढला. असं शिकवणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला लहानपणी अशी बाई मिळायला हवी होती.

आणि तुम्ही हा वर्ग बंद करणार. आईबाप मुलं काढून नेतायत म्हणजे आपलंच शिकवणं चुकतंय, असं तुम्ही ह्यांना म्हणालात म्हणे. आईबाप मुलं का नेतात ते मला विचारा. आम्हाला टाळ्या हव्या असतात, ताई. पाहुण्यांपुढे शंभर म्हणून दाखवणारं मूल हवं असतं. त्यात तुमचं काय चुकलं?

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. काल मी ठकीचं मोठ्या शाळेच्या शिशुवर्गातलं नाव काढून दाखला आणला. हे आधी चिडले आणि शेवटी म्हणाले, "ताईला तू सांग, मला धीर नाही." म्हणून हे पत्र. तुमच्याखेरीज तिला आता दुसरी शाळा नाही.

सोमवारी सकाळी तिला घेऊन येते. टेबलं विकली असलीत तर ती जमिनीवर बसेल. दाराला कुलूप दिसलं तर दारात बसेल, आणि तिच्या शेजारी मी बसेन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

भावजय म्हणून उरलेलं भांडण नंतर करीन. आज फक्त,

तुमच्या वर्गातल्या मुलीची आई