दहा कोटी एक

३ जुलै
शी! चौकात क्लासचा नवा बॅनर. श्रावण सरांचा हात जोडलेला फोटो, खाली हे ठळक — '१०,००,००,००१. कोणत्याच संख्येनं भाग न जाणारी मूळ संख्या! श्रावण सरांचा शोध!' अख्खा पांढरकवडा कौतुक करून राह्यला. आणि मी त्याच क्लासची गणिताची मॅडम.

घरी येऊन भागून पाहिलं. तीननं नाही, सातनं नाही, अकरानं, तेरानं नाही. सतरानं — गेला! बाकी शून्य. भागाकार ५८,८२,३५३. कसला शोध अन् कसलं काय!

४ जुलै
केबिनमध्ये जाऊन सांगितलं. सर काडीनं दात कोरत होते. "निकिता मॅडम, कोण भागून पाह्यते? ॲडमिशन सुरू हायेत."
काडी पुसली माझ्यासमोरच टेबलाला. किळस आली.

८ जुलै
नववीची मोनाली. तिनं भागून पाहिलं! भर वर्गात उभी राहिली — "सर, सतरानं भाग जाते न!"
सर म्हणाले, करून दाखव. तिनं फळ्यावर मांडलं. शेवटची ओळ लिहायच्या आतच सरांनी डस्टर फिरवलं. "लय शहाणी झाली तू. माफी माग."
पोरं हसली. मोनालीनं मान खाली घातली नाही. माफीही नाही.
"मंग उद्यापासून येऊ नको."
मी दारातच उभी होती. म्हटलं, "सर, तिचं बरोबर आहे."
सर माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुमीबी येऊ नका."

९ जुलै
जेवण गेलं नाही. बॅनर तिथंच. तोंडभर हसतो आहे मेला!

१४ जुलै
मोनालीच्या घरी गेली. तिची आई, प्रभावतीबाई, दारातच — "मॅडम, पोरीचं काही चुकलं काय?"
नाही म्हटलं. मोनालीला जवळ बसवलं. तो भागाकार आठवतो? त्याचे आकडे मधून तोड. ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग कर. आता बेरीज.
पोरगी भुईवर पालथी पडून करत राहिली. मग ओरडलीच — "मॅडम! ५८,८२,३५३! हा तर सोताच परत निंघाला!"
किती दिवसांनी कोणाला गणितानं हसताना पाहिलं!
प्रभावतीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "मंग इथंच शिकवा न."

२ ऑगस्ट
मोनालीच्या ओसरीवर सहा पोरं येतात. सरांचा सत्कार झाला म्हणे काल. शाल, श्रीफळ, 'गणिताचे सुपुत्र'. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकानंही भागून पाहिलं नसेल?

९ ऑगस्ट
आज नवी मुलगी आली. वैष्णवी — श्रावण सरांची पोरगी!
विचारलं, "पप्पांना माहीत आहे?"
"त्यायनंच कोपऱ्यावर सोडलं. म्हणे, गणित मॅडमकडूनच शिक. पण कोणाले सांगू नको."