अकरा दिवसांचे खोटे आकडे

मी, खाली सही करणारी, वय चौपन्न, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वाकडं आलं ते आजारानं. कोणी दटावून लिहून घेतलेलं नाही.

१. धक्क्यामागच्या दोन खोल्या मुलीला. भरतीचं पाणी उंबऱ्याला लागायला लागलंय, विकायच्या तर लवकर विक. ओल रंगाने झाकू नकोस, घेणाऱ्याला दाखव.

२. आईचं शिलाई मशीन धाकट्या बहिणीला. याच्यावरूनच नऊ वर्षं अबोला आहे. आधी बोलणं कमी झालं, मग कामापुरतं, मग एक दिवस बंदच. आता वाटलं तरी तोंड उघडत नाही. ने बाई एकदाचं. सुई मोडलीय, ती मीच मोडली.

३. समुद्र संशोधन केंद्रात झाडू मारता मारता बावीस वर्षं रोज सकाळी बादलीभर समुद्राचं पाणी काढलं, थर्मामीटर बघून आकडा लिहिला. त्या वह्या केंद्रातल्या मॅडमना. त्या सांगतात, गरम पाण्याचा प्रवाह दक्षिणेकडून इथवर, या थंड उत्तरेला येतो, पुढे गार होऊन तळाला बसतो, तळातून परत फिरतो. हा फेरा मंदावत एका हद्दीपलीकडे गेला की आपला आपण थांबतो, मग कोणी पाया पडलं तरी चालू होत नाही. मला ते बहिणीवरून लगेच कळलं.

४. आता खरं सांगते. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी पारा एकदम चार अंश खाली. मला वाटलं, थर्मामीटर बिघडला. आदल्याच महिन्यात एक फोडून बोलणी खाल्ली होती. म्हणून गप्प बसले आणि दर सहामाहीला मिळणारा नवा थर्मामीटर येईपर्यंत अकरा दिवस आदल्या दिवसाचाच आकडा उतरवला. नवाही तेवढंच दाखवायला लागला. म्हणजे पाणीच गार झालं होतं. वहीत उतार नव्या थर्मामीटरच्या दिवसापासूनच दिसतो, जुना आधीपासून चुकत होता का ते कळत नाही, म्हणून मॅडम अजून विचारतात, "बाई, हळूहळू झालं की एकदम?" मी म्हणते, "वहीत असेल तेच."

मॅडम, एकदम झालं. एका रात्रीत.

ते अकरा आकडे लाल पेन्सिलीने खोडलेत. तेवढे फेका. त्यांच्यापायी माझी बावीस वर्षं फेकू नका.

५. बादली, थर्मामीटर मुलीला. ती म्हणाली, "आई, तू गेल्यावर पाणी मोजून काय करायचंय?" म्हटलं, "मी जातेय गं, समुद्र इथंच आहे. चुकलं वाटलं तर तसं लिही, मनाचं लिहू नकोस."

साक्षीदार: धक्क्यावरचा वेल्डर (सही), शेजारची नर्स (सही)
ठिकाण: धक्क्यामागची खोली
दिनांक: ४ मार्च
लिहून देणार: (सही)

आजचं पाणी: साडेनऊ अंश. मुलीने काढलं, मी बघितलं.